मधोमध कुत्रा झोपेल असा रस्ता

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ होते. आठवड्याचे पाच दिवस ते रुंद रस्ते आखायचे आणि सुट्टी लागली की अरुंद रस्ते शोधत फिरायचे. मी त्यांना काका म्हणत असे. आधी साहेब म्हणायचे, पण दोन दिवसांनी त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवून मला सांगितलं की या देशात डायरेक्टरलासुद्धा लोक नावाने हाक मारतात, आणि साहेब म्हटलं की आपल्या मागे कुणीतरी उभं आहे असं त्यांना वाटतं. वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारणं मला सात जन्मांत जमलं नसतं. म्हणून काका.

बेसिंगस्टोक तेव्हा सगळं उकरून ठेवलेलं होतं. लंडनची माणसं इथे आणून वसवायची म्हणून जिकडे बघावं तिकडे खड्डे, क्रेन आणि अर्धवट राउंडअबाउट. आमचे हे हॉस्पिटलात डॉक्टर. ड्यूटी कधी सुरू होते आणि कधी संपते ते देव जाणे. फ्लॅटमध्ये बसून बसून मी भिंतींशी बोलायला लागले असते, पण पुण्यात ड्रॉइंगचा डिप्लोमा केला होता तो कामाला आला. रस्त्यांचे नकाशे शाईने ट्रेस करायची नोकरी लागली. पहिल्याच दिवशी तिथल्या बाईने मला सांगितलं की ट्रॅफिक सेक्शनमध्ये 'तुमच्यापैकी' एक आहेत. मी पदर सारखा करून गेले. जाड चष्म्याचा, टकलाच्या कडेने पांढऱ्या केसांची झालर असलेला एक बुटका माणूस मान वर न करता स्वच्छ मराठीत म्हणाला, "बसा. अकराला चहा येईल. तो चहा आहे असं समजून प्यायचा."

मी उडालेच. नाव ऐकलं तर ज्यू. ते बेने इस्राएल, अलिबागकडचे. आणि मी पुण्याची शहाणी, मला काय सुचावं, तर मी विचारलं, तुम्ही मराठी कुठे शिकलात? ते म्हणाले, "आईच्या मांडीवर. तुम्ही?" त्यानंतर महिनाभर मी त्यांच्याशी जरा जपूनच बोलत होते.

अलिबागचं म्हणाल तर त्यावरून त्यांना कुणी चिडवू शकत नसे, कारण ते स्वतःच आधी सुरुवात करायचे. मीटिंगमध्ये एखादा साधा प्रश्न विचारायचा झाला की माझ्याकडे बघून मराठीत म्हणायचे, मी अलिबागहून आलोय, म्हणून विचारतो. आणि तो प्रश्न असा असायचा की समोरचा इंजिनिअर पुढची पंधरा मिनिटं कागद चाळत बसे.

त्यांचे पूर्वज घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून सारा तालुका त्यांना शनवार तेली म्हणे. काकांनी घाणा बघितलाही नव्हता, पण शनिवार घट्ट धरून ठेवला होता. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विस्तव नाही, वाहन नाही, लिहिणं नाही. कामाची घाई असली की आमच्याकडे शनिवारचा ओव्हरटाइम निघायचा आणि त्यावर सगळे तुटून पडायचे. काका म्हणायचे, रविवारी बोलवा, पहाटे येतो. मग रविवारी अख्ख्या इमारतीत ते एकटे आणि त्यांचा चिवड्याचा डबा. शुक्रवारी दुपारी मात्र ते जेवणाच्या सुट्टीत सायकल उलटी करून तिच्या चेनला तेल घालत बसायचे. ते काम त्यांनी कधी दुसऱ्याला करू दिलं नाही.

त्यांचं खरं काम मोजणीचं. कुठल्याही रस्त्याला किती रुंदी द्यायची हे आधी तिथून किती गाड्या जातात त्यावर ठरतं. ते मोजायला माणूस बसवायचा. घडीची खुर्ची, फ्लास्क, मांडीवर पाटी, पाटीवर कागद, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. हे काम पोरसवदा लोकांचं, पण काका दर मोसमात स्वतः जाऊन बसायचे. टोपी कानांपर्यंत ओढून, पावसात. मोजणी कमीत कमी सात दिवस झाली पाहिजे, सातही वारांची झाली पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष. त्यांच्या हाताखालचा एक इंग्लिश मुलगा एकदा एकाच बुधवारचे आकडे घेऊन आला. काकांनी ते घेतले नाहीत. मला म्हणाले, एका दिवसाची मोजणी म्हणजे एकदाच चहा-पोहे करून दिलेला होकार, पुढे काय निघेल सांगता येत नाही. हे इंग्लिशमध्ये सांग म्हणाले त्या मुलाला. मी प्रयत्न केला. पोह्यांपाशी अडकले.

तर असा हा मोटारींचा हिशेब ठेवणारा माणूस दर सप्टेंबरात दोन आठवडे गायब व्हायचा. सायकल ट्रेनमध्ये टाकून इटलीला. युद्धात ते इंजिनिअर पलटणीत होते, तिकडच्या डोंगरात पूल बांधत बांधत वर सरकलेले. लष्करी लॉरीतून जाताना त्यांनी ते बारके रस्ते बघितले होते: ऑलिव्हच्या झाडांतून जाणारे, एका गावातून दुसऱ्या गावात खेचरं नेण्यापुरते. तेव्हा उतरून बघायची सोय नव्हती. म्हणून आता जायचे.

परत आले की चेहरा रापलेला, नाकाचं साल निघालेलं आणि कोटाच्या खिशात काळी वही. त्या वहीत प्रत्येक रस्त्याची परीक्षा. मोजणी तर असायचीच, पण त्याखेरीज त्यांची स्वतःची लक्षणं होती. रस्त्याच्या मधोमध गवत उगवलेलं असलं तर चांगलं. कोंबड्या कडेला न जाता मधून चालत असतील तर फारच चांगलं. आणि मधोमध कुत्रा झोपला असेल, सायकलची घंटी वाजवूनही उठत नसेल, तर त्याच्यापुढे मोजणीची गरज नाही. अशा रस्त्यापुढे ते वहीत नुसतं 'कुत्रा' असं लिहायचे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, चावला की काय.

वाट विचारायची ती मोटारवाल्याला नाही, हे त्यांचं तत्त्व. मोटारवाल्याला फक्त मोठा रस्ता माहीत असतो. विचारायचं पोस्टमनला, नाहीतर डोक्यावर मोळी घेतलेल्या म्हातारीला. कुठल्या भाषेत? तर मराठीत. मी हसले तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, म्हाताऱ्या बायका जगभर उत्तर हातानेच देतात, मग प्रश्न आपल्या भाषेत विचारायला काय हरकत आहे. पुढे मी हे डोळ्यांनी बघितलं. "आज्जी, ही वाट कुठं जाते?" म्हणून ते विचारायचे आणि आज्जी पाच मिनिटं हातवारे करून सांगायची, वर अंजीर द्यायची.

चढ मोजायला त्यांच्याकडे कंपासपेटीतला कोनमापक होता, त्याला दोरा आणि दोऱ्याला शिशाचा गोळा, म्हणजे गवंड्याचा ओळंबाच. पण वहीत अंश लिहिलेले नसत. चढाचे प्रकार तीन. 'ही बोलत राहील' हा पहिला, हिरव्या पेन्सिलीने. 'ही गप्प होईल' हा दुसरा, पिवळ्या. आणि 'ही माहेरी जाईल' हा तिसरा, लाल. तपासायची पद्धत अशी की वडिलांकडून शिकलेलं मराठी कीर्तन म्हणत म्हणत चढायचं. ओवी पुरी झाली तर हिरवा, मध्येच श्वास तुटला तर पिवळा. लाल चढ आला की ते सरळ मागे फिरून दुसरी वाट शोधायचे, मग त्यात दिवस गेला तरी चालेल.

ही म्हणजे काकू.

काकूंना मी भेटले तेव्हा त्या पन्नाशीच्या असतील. उंच, कष्टाळू, कमी बोलणाऱ्या. हाउन्सलोला जाऊन नारळ आणायच्या आणि माझ्यासाठी अर्धी वाटी खोबरं वेगळं काढून ठेवायच्या. त्या एके काळी काकांच्या बरोबरीने सायकल चालवत. मग मी बेसिंगस्टोकला यायच्या आदल्या वर्षी बाजारातून परत येताना मागून एक व्हॅन आली आणि त्यांना उडवून गेली. खुबा मोडला, गळ्याचं हाड मोडलं. हाडं जुळली. पण मागून मोटारीचा आवाज आला की त्यांच्या पायांतलं बळ जायचं, फुटपाथवर चालतानासुद्धा. भिंतीला हात लावून उभ्या राहायच्या, आवाज पुढे जाईपर्यंत. सायकल शेडमध्ये. तिच्यावर त्यांनी चादर घातली होती.

ज्या रस्त्यावर हे झालं तो रस्ता काकांच्या आकड्यांवरून रुंद झाला होता. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. जुन्या ड्रॉइंगची नक्कल काढताना कोपऱ्यात त्यांची आद्याक्षरं दिसली तेव्हा मला कळलं. मी ते ड्रॉइंग गुपचूप खाली सरकवून ठेवलं. त्या दिवसापासून मला त्या वहीची चेष्टा करवेना.

तर काकांचा उद्योग एवढाच होता: डोंगरातून समुद्रापर्यंत एक अशी वाट जोडायची की जिच्यावर मागून मोटार येणार नाही आणि लाल चढ लागणार नाही. त्या वाटेवर काकूंना एकदा सायकलवर बसवायचं. एकदा बसल्या की बसतील, असं त्यांचं म्हणणं. सहा वर्षं ते या एका वाटेच्या मागे होते. काकूंना वाट सापडण्याची आशा नव्हती, पण त्या दर सप्टेंबरात चिवडा करून द्यायच्या.

सहाव्या वर्षी वाट जोडली गेली. काकांनी वही माझ्यापुढे ठेवली आणि नकाशा ट्रेस करून मागितला, ऑफिसच्या वेळेनंतर. रोज बारा-पंधरा मैल, शनिवार सोडून नऊ दिवस, शेवटी समुद्रकाठचं स्टेशन आणि रविवारी सकाळी साडेसातची गाडी. मी तीन संध्याकाळी बसून तो नकाशा केला. तसा सुंदर नकाशा मी पुन्हा केला नाही.

आणि तो करताना मला एक गोष्ट दिसली. शेवटून दुसऱ्या मुक्कामाचं गाव डोंगराच्या टोकावर होतं. तिथून खालच्या गावापर्यंत नऊ मैलांचा उतार. त्या उताराच्या चार वर्षांच्या मोजण्या वहीत होत्या, कधी तीन मोटारी, कधी चार, एकदा एकही नाही. पण चारही मोजण्या शनिवारच्या. असणारच. काका दर वर्षी शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत त्या गावात पोचायचे, शनिवारी सायकल चालवायची नाही म्हणून दिवसभर तिथल्या रस्त्याकडेच्या भिंतीवर बसायचे, आणि बसलेच आहेत तर मोजायचे. शनिवारी लिहायचं नाही, म्हणून आकडा बोटांच्या पेरांवर धरून ठेवायचे आणि आकाशात तीन चांदण्या दिसल्या की वहीत उतरवायचे. रविवारी पहाटे चारला दिवा लावून अंधारात तो उतार उतरून गाडी गाठायचे. दिवसाउजेडी, शनिवार सोडून दुसऱ्या वारी, तो रस्ता त्यांनी बघितलेलाच नव्हता. आणि आम्ही तिथून उतरणार होतो शुक्रवारी.

मी पेन हातात धरून विचार केला, सांगावं का? मग म्हटलं, आपण कोण सांगणार! आयुष्य मोजण्यात गेलेला माणूस, त्यांना का कळत नाही. मोठ्यांच्या कामात खोट काढायची नाही, ही आमची शिस्त. मी त्या शिस्तीला बिलगून गप्प बसले आणि उतार हिरव्या शाईने रंगवला.

हो, आम्ही म्हणजे मीसुद्धा. काकूंना बरोबर एखादी बाई हवी होती आणि मी पुण्याची, नऊवारीतल्या मावशीच्या कॅरिअरवर बसून वाढलेली, स्वतः लक्ष्मी रोडवर हात सोडून सायकल चालवलेली. आमचे हे म्हणाले, जा, मला दोन आठवडे झोप मिळेल.

पहिल्या दिवशी काकू सायकल हातात धरून चालल्या. दुसऱ्या दिवशीही. काकाही चालले, मीही चालले. तिसऱ्या दिवशी एका वळणावर रस्त्याच्या मधोमध खरंच कुत्रा झोपला होता. काकूंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, घंटी वाजवली, तो हलला नाही. मग त्यांनी पाय टाकला आणि बसल्या. तोल गेला, सावरला. पुढचे दोन मैल काका मागे राहून आपलं कीर्तन म्हणत होते, सपाट रस्त्यावर, आणि तरी मध्येमध्ये त्यांचा श्वास तुटत होता.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. दिवसभरात एखादी तीनचाकी, एखादा ट्रॅक्टर. त्याचा आवाज लांबूनच यायचा, काकू उतरायच्या, तो गेला की बसायच्या. बुधवारी तर त्या माझ्या पुढे गेल्या आणि मागे वळून म्हणाल्या, पुण्याची ना तू? चल की! मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम हरले.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही त्या टोकावरच्या गावात पोचलो. शुक्रवारी सकाळी सायकली काढल्या आणि भिंतीपाशी आलो, तर खालून घरघर ऐकू आली. आधी एक लॉरी गेली, दगडांनी भरलेली. मग दुसरी. मग रिकामी वर आली. गावाच्या बाजूलाच डोंगरात खाण होती आणि तिच्या लॉऱ्या याच नऊ मैलांवरून समुद्राकडे जात होत्या. रस्ता इतका अरुंद की लॉरी आली की दोन्ही कडेला वीतभर जागा उरायची.

काकू भिंतीला टेकल्या आणि तिथेच खाली बसल्या. थोड्या वेळाने उठल्या, खानावळीतल्या खोलीत गेल्या आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या. काका दुपारपर्यंत भिंतीपाशी उभे राहून लॉऱ्या मोजत होते. मोजून उपयोग नव्हता, पण मोजत होते.

खानावळीच्या बाईने हातवाऱ्यांनी सांगितलं ते असं: पाच दिवस लॉऱ्या, शनिवारी खाण बंद. रविवारी समुद्रकाठचं सगळं शहर मोटारी घेऊन जेवायला वर येतं. शनिवारी दुपारी एक बस खाली जाते, टपावर सायकली घेते.

मी काकांना एका बाजूला घेऊन सांगितलं की मला हे नकाशा करताना दिसलं होतं. सगळ्या मोजण्या शनिवारच्या आहेत हे दिसलं होतं, आणि मी बोलले नाही. मला वाटलं रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, मी त्या पोराचा बुधवार परत पाठवला होता गं. आणि चष्मा काढून पुसत बसले.

संध्याकाळी सूर्य मावळायला थोडा वेळ होता. काकूंनी खिडकीत दोन मेणबत्त्यांची तयारी केली होती आणि त्यांचा शनिवार काकांइतका कडक नसल्याने आम्ही दोघींनी बसने जायचं ठरलं असं समजून पुढची बोलणी चालली होती. काका मध्येच म्हणाले, "उद्या मी सायकल काढणार. तुझ्या मागे राहून तुला खाली नेणार. देवाचं मी बघून घेईन."

त्यांनी जन्मात शनिवार मोडला नव्हता. पलटणीतसुद्धा कुणाशी तरी पाळी बदलून घ्यायचे. काकूंनी काडीपेटी खाली ठेवली.

"तुम्ही उद्या भिंतीवर बसा," त्या म्हणाल्या. "मी जाते."

"एकटी?"

"सहा वर्षं माझ्यासाठी रस्ता शोधलात ना? मग आता मला जाऊ द्या. आणि ही पण नको माझ्याबरोबर. कुणी मागे असलं की मी मागेच बघत राहते."

काकूंनी मेणबत्त्या लावल्या, म्हणजे शनिवार लागला, त्यामुळे बोलणं तिथेच संपलं.

शनिवारी सकाळी नऊला काकू निघाल्या. पिवळा कार्डिगन, पायात कॅनव्हासचे बूट. पाच मिनिटांत वळणाआड गेल्या. आम्ही दोघं भिंतीवर. तो रस्ता खाली जाऊन नाहीसा व्हायचा आणि दरीपलीकडे समोरच्या डोंगराच्या अंगावर पुन्हा एकदा दिसायचा, हातभर लांबीचा, पांढरा. काका म्हणाले, पाऊण तास. पाऊण तासाने ती तिथे दिसेल. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर होता, पण मोजायला काही येत नव्हतं. रस्ता खरोखरच रिकामा होता.

अर्धा तास झाला असेल. गावातून एक लाल मोटार निघाली, आमच्या समोरून गेली आणि खाली त्याच रस्त्याला लागली.

काका उठले. आम्ही काही करू शकत नव्हतो, ओरडूनही ऐकू गेलं नसतं. मोटारीचा आवाज दरीत उतरत गेला. आणि तेवढ्यात समोरच्या डोंगरावर पिवळा ठिपका दिसला. काकू त्या पांढऱ्या रस्त्यावर होत्या, आणि त्यांच्या मागून, सावकाश म्हणावं तर सावकाश नाही, लाल ठिपका येत होता. हॉर्न वाजला. पिवळा ठिपका सायकलवरून उतरला, जवळजवळ पडलाच, आणि डोंगराला चिकटून उभा राहिला. मोटार गेली.

पिवळा ठिपका हलेना. एक मिनिट झालं, दोन झाली. मी बघितलं तर काका भिंतीपाशी नव्हते. ते आपल्या सायकलपाशी होते. दोन्ही हात हँडलवर आणि एक पाय पेडलवर. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाला काहीतरी सांगत असावेत. मी अडवलं नाही, ढकललंही नाही.

मग समोरचा ठिपका सायकलवर बसला. डगमगला. आणि हळूहळू पुढे जाऊन डोंगराआड गेला.

काकांनी पेडलवरून पाय काढला. सायकल पुन्हा भिंतीला लावली, ती पडणार नाही ना हे दोनदा बघितलं आणि येऊन बसले. आणि रडले, अगदी उघड, रुमाल न शोधता. मला म्हणाले, "मी पाय ठेवला होता हे तिला सांगू नकोस. तिला वाटेल, मला तिचा भरवसा नव्हता."

दुपारी जेवून मी एकटीच खाली उतरले. काका चांदण्या दिसल्यावर दिवा घेऊन येणार होते. खालच्या गावात चर्चच्या पायऱ्यांवर काकू बसल्या होत्या, शेजारी सायकल, मांडीवर पाव. मी त्यांना मिठीच मारली. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ते उठले का गं भिंतीवरून?"

"नाही," मी म्हटलं. "बसूनच होते."

"बरं झालं." त्यांनी पावाचा अर्धा तुकडा मला दिला. मग जरा वेळाने म्हणाल्या, "मोटार गेली तेव्हा माझे पायच गेले होते. मी काही पुढे जाणार नव्हते, संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहणार होते. मग वर बघितलं. इतक्या लांबून माणूस दिसत नाही, पण भिंत दिसते. म्हटलं, मी आत्ता सायकलवर बसले नाही तर हे येणार. सगळं सोडून येणार. जन्मभर सांभाळलेला शनिवार माझ्या पायी जायचा. म्हणून बसले." त्यांनी कार्डिगनवरचे पावाचे कण झटकले. "त्यांना सांगू नकोस हं. त्यांना वाटू दे, रस्त्यामुळे जमलं."

मी दोघांचंही ऐकलं. पुढे बारा वर्षं मी त्यांच्या घरी जात-येत होते, काकू सायकलवरून बाजारात जायला लागल्या, काका निवृत्त झाले, तरी मी काकांचं काकूंना आणि काकूंचं काकांना कळू दिलं नाही. आता दोघंही नाहीत, म्हणून सांगते आहे.